भिंतीवरून उतरलेला शिनगार्ड

मी शिनगार्ड बोलतोय. फुटबॉल खेळताना नडगीवर बांधतात तो, उजव्या पायाचा. माझा डावा भाऊ केव्हाच फुटला. दुकानातला गुळगुळीत माल समजू नका मला! वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, धाकूने मला फायबरच्या टाकाऊ तुकड्यातून घडवलं. आतलं अस्तर त्याच्या बायकोच्या, सगुणाच्या जुन्या गोधडीचं.

धाकू कंपनीच्या टीमचा बॅक. समोरच्याला अडवणं हे त्याचं काम. त्यामुळे त्याच्या घरात गोल मोजत नसत, माझ्यावरचे ओरखडे मोजत. पुढे त्याचा मुलगा महेंद्र मला बांधून खेळू लागला. तो घरी आला की धाकू आधी माझ्यावरून अंगठा फिरवायचा. नवा ओरखडा लागला नाही, तर पोराची धडगत नसे. "आज पाय चोरलास!"

महेंद्र क्लबकडून पगारी खेळला. तिशीच्या आत गुडघा गेला आणि खेळ सुटला. त्याने मला ट्रंकेत कोंडलं. माणसांची ही खोडच आहे. दुखतं एकीकडे, राग काढतात दुसऱ्यावर.

मला बाहेर काढलं त्याच्या मुलीने, नीरजाने. तीही बॅक, तीही क्लबची पगारी खेळाडू. तीन हंगाम आम्ही दणकून खेळलो. मग गेल्या वर्षी तिचाही गुडघा गेला. ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी खेळायला परवानगीही दिली, पण क्लबने करार वाढवला नाही.

महेंद्रने ड्रिल आणलं, माझ्या कपाळाला भोक पाडलं आणि मला मेडलांशेजारी खिळ्याला टांगलं. "बस झालं. एका घरात दोन गुडघे पुरे."

मला विचारलं का कुणी? पाहुणे यायचे, "वा, किती जुनं!" म्हणायचे. जिवंतपणी माझी तसबीर केली होती. असा संताप यायचा!

मग डोंबिवलीच्या एका क्लबने ट्रायल ठेवली. त्या सकाळी नीरजाने मला खिळ्यावरून उतरवलं.

"अगं, गुडघा परत गेला तर?" महेंद्र दारात आडवा उभा.

"गेला तर गेला, पप्पा. घाबरून घरी बसले तर आजोबा वरून शिव्या घालतील."

तिने माझ्या भोकातून बुटाची नाडी ओवली आणि मला करकचून बांधलं. मैदानात दहाव्या मिनिटाला एक धिप्पाड पोरगी बॉल घेऊन सुसाट आली. नीरजाने पाय पुढे घातला, तोच, ऑपरेशनचा. खाड! मी तसूभर हललो नाही. तीही नाही.

संध्याकाळी तिने मला महेंद्रपुढे ठेवलं. त्याचा अंगठा आधी भोकापाशी अडखळला. मग खाली सरकला आणि ताज्या ओरखड्यावर थांबला. त्याचे डोळे भरून आले.

"पाय नाही चोरलास," तो म्हणाला. आणि मग, "घेतलं का गं त्यांनी?"

"सोमवारपासून प्रॅक्टिस."

भिंतीत खिळा अजून आहे. त्याला महेंद्रने आपली छत्री अडकवलीय. मला परत तिथे टांगायचं कुणी मनातही आणू नका. माझ्यावर ओरखड्यांना अजून भरपूर जागा आहे.