आगीच्या आधीची धून

मी जात्याच संशयी आहे. कुणी फार गोड बोललं की माझ्या मनात पाल चुकचुकते. नवरा म्हणायचा, "डार्लीन, तू स्वर्गाच्या दारात देवाकडेच ओळखपत्र मागशील." हा गुण मला वडिलांकडून मिळाला, आणि वडिलांनी तो जन्मभर एकाच बाईवर खर्च केला. तिचं नाव मिस युनिस प्लमर.

मेन स्ट्रीटवर आता जिथे बँकेचं पार्किंग आहे, तिथे आमचं 'पॅलेडिया' थिएटर होतं. आजोबांनी ते बांधलं तेव्हा तिथे शिकवलेले कुत्रे, विदूषक, नाचणाऱ्या बहिणी असले खेळ व्हायचे. मग बोलपट आले, तरी शनिवारी दुपारी सिनेमाच्या आधी हे खेळ वडिलांनी चालू ठेवले होते. साथीला युनिसचा ऑर्गन, पंख्याच्या हवेवर वाजणारा, भिंतभर नळ्यांचा. पण घरोघरी टेलिव्हिजन शिरला, खुर्च्या रिकाम्या पडू लागल्या, आणि वडिलांनी तिला कामावरून काढायची महिन्याभराची नोटीस दिली.

त्या काळच्या थिएटरांत एक पद्धत होती. एक ठरावीक मार्च, म्हणजे कवायतीच्या ठेक्याची धून, संकटासाठी राखून ठेवलेला असे. 'आग' म्हणून ओरडलं तर लोक एकमेकांना तुडवतील, म्हणून वादकाने तो मार्च धरायचा. डोअरकीपरना इशारा कळायचा, ते सगळी दारं उघडायचे आणि हसतमुखाने लोकांना बाहेर काढायचे. एरवी त्या मार्चचा एक सूरही कुणी वाजवायचा नाही.

१९५१च्या ऑक्टोबरातल्या एका शनिवारी जादूगार टोपीतून कबूतर काढत असताना युनिसने तो मार्च धरला. धूर नाही, वास नाही. डोअरकीपर चक्रावले, पण शिस्त ती शिस्त. सगळं थिएटर रस्त्यावर आलं, जादूगारही आला कबुतरासकट. लोक तिकिटाचे पैसे परत मागत होते, तेवढ्यात दारांतून काळा धूर बाहेर पडला. संध्याकाळी नुसत्या भिंती उरल्या होत्या. खरचटलं मात्र कुणालाच नाही.

मी तिथे नव्हते. पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची दर शनिवारी माझी असे. पण त्या दिवशी वडिलांनी माझ्या कपाळाला हात लावला आणि आईला म्हणाले, "हिला ताप आहे, घरीच राहू दे." मी रडून रडून घर डोक्यावर घेतलं होतं.

वरच्या प्रोजेक्टरच्या खोलीत फिल्मची रिळं पेटली, असं वडिलांनी सांगितलं. विमेवाल्यांनीही तेच लिहिलं. त्या पैशांतून वडिलांनी टेलिव्हिजनचं दुकान काढलं. पुढे रोज जेवताना मात्र त्यांचं एकच पालुपद असे. "रिळं काय आपोआप पेटतात? आणि तिला आधी कळलं कसं? नोटीस हातात पडली होती ना बाईच्या!" ऐकता ऐकता गावालाही ते पटलं. युनिसकडे पियानो शिकायला येणारी मुलं बंद झाली. ल्यूथरन चर्चने तेवढं तिला ऑर्गनवर ठेवलं.

वडील जाऊनही बरीच वर्षं झाली. मग आमच्या इतिहास मंडळाने पार्किंगच्या भिंतीवर पॅलेडियाच्या आठवणीची पाटी लावायचं ठरवलं. मजकूर माझ्याकडे होता. बाकीचे म्हणाले, युनिसचं नाव हवं, तिने माणसं वाचवली. मी म्हटलं, "थांबा. वाचवली की आधी पेटवली, ते मला बघू दे." आणि तडक चर्चमध्ये गेले.

ती ऑर्गनवर सराव करत होती. ऐंशी ओलांडलेली, चिमणीएवढी बाई. खालच्या स्वयंपाकघरात कुणाच्या तरी अंत्यविधीनंतरच्या जेवणाची तयारी चालली होती.

"वॉरेन क्रेबिलची मुलगी ना तू?" मान न वळवता ती म्हणाली. "पावलं बापासारखीच आपटतेस. बस."

"बसायला नाही आले. त्या दिवशी तुम्हाला आधी कळलं कसं?"

"इतक्या वर्षांत तोंडावर विचारणारी तूच पहिली. बाकीचे आपले पाठीमागे कुजबुजतात." ती वाजवतच राहिली. मग एकाएकी थांबली, एक पट्टी दाबून धरली आणि वैतागली. "या बायकांना किती वेळा सांगायचं! जा, खाली जा. बेव्हर्लीला म्हणावं, पंख्याच्या खोलीचं दार लाव."

मला तर काही वेगळं ऐकू आलं नव्हतं. मला कटवायचा डाव असणार, अशा रागाने मी खाली गेले. ओव्हन सताड उघडा होता, बेव्हर्ली बटाट्यांचे ट्रे काढत होती. शेजारी एका छोट्या खोलीचं दार खुर्ची लावून उघडं ठेवलेलं. आत ऑर्गनला हवा पुरवणारा पंखा घरघरत होता आणि ओव्हनची सगळी धग आत ओढत होता.

"कळलं वाटतं वरच्या बाईला?" बेव्हर्ली हसली. "दर वेळी पकडते मेली!"

दार लावून मी वर आले.

"गरम हवा गेली की काही नळ्यांचा सूर चढतो, काही जागच्या जागी राहतात," युनिस म्हणाली. "धूर यायच्या आधी मला ते ऐकू येतं."

मी मटकन बसले. "म्हणजे त्या दिवशीही..."

"त्या दिवशीही."

"मग पॅलेडियाचा पंखा..." मी बोलता बोलता थांबले. पॅलेडियाचा पंखा तळघरात होता. तळघराला कायम कुलूप असे. त्याची किल्ली वडिलांच्या घड्याळाच्या साखळीला होती; मांडीवर बसून मी तिच्याशी खेळायचे.

युनिस पट्ट्यांकडे बघत होती. मला खूप राग आला, आणि तो तिच्यावरच काढला. "मग बोलला का नाहीत? गाव थुंकत होतं तुमच्यावर!"

"नोटीस मिळालेल्या बाईचं कोण ऐकणार होतं? आणि ऐकलं असतं, तर तुझा बाप तुरुंगात. तुझी आई आजारी. तुला कोण बघणार होतं गं?" तिने चष्मा काढून पुसला. "सूर चढला तेव्हा मी आधी तुझ्या खुर्चीकडे पाहिलं. ती रिकामी होती. तुला ताप होता, असं तुझा बाप नंतर म्हणाला. एवढं एकच मला तेव्हापासून खातंय. एक विचारू? खरं सांगशील?"

"विचारा."

"त्या दिवशी तुला खरंच ताप होता का?"

तिचे डोळे माझ्या तोंडावर खिळले होते. मी हो म्हणावं असं तिला वाटत होतं. ज्या माणसाने तिला आयुष्यातून उठवलं, तो इतका वाईट नसावा, अशी आशा ही बाई अजून धरून बसली होती. मला तिथेच रडू फुटलं.

"नव्हता," मी म्हटलं.

तिने हळूच ऑर्गनचं झाकण लावलं आणि माझा हात हातात घेतला.

पाटी आता भिंतीवर आहे. आग तळघरात लागली, असं तिच्यावर लिहिलंय. त्याखाली युनिस प्लमरचं नाव आहे. मालकाचं नाव मी घातलं नाही.