थंड भाताची चव

"लुडिंगमावशी, आता हा थंड भात." डॉक्टर कातिग्बाकबाईंनी बशी पुढे सरकवली. "सावकाश होऊ द्या. आजचा शेवटचाच."

लुडिंगने चूळ भरली आणि चिमूटभर भात जिभेवर ठेवला. लोस बान्योस गावातल्या भात संशोधन केंद्रात ती चव घ्यायच्या कामावर होती. नव्या वाणाचं पीक शास्त्रज्ञ मोजायचे, चव ही बाई सांगायची. चवीच्या दिवशी सकाळी लसूण नाही, सुकी मासळी नाही. मासळीवर जीव टाकणाऱ्या लुडिंगने निम्मं आयुष्य अळणी न्याहारीवर काढलं. नवरा होता तोवर म्हणायचा, "तुझी जीभ केंद्राची, माझ्या वाट्याला नुसती बडबड!"

भात मऊ होता. रात्रभर राहूनही मऊ.

"झाला की हो, डॉक्टर!" तिला राहवेना. "झाला एकदाचा!"

खाऱ्या जमिनीत येणारा वाण होता तो. तिची थोरली बहीण फेलिसा समुद्रकाठी राहायची. तिथल्या शेतांत खारं पाणी शिरल्यापासून भात म्हणून धरत नव्हता. हा वाण मागे एकदा चवीला आला होता. गरम असताना झकास, निवला की खडा. सकाळी रात्रीचाच भात खायचा असतो, असा कडक भात कोण गिळणार? लुडिंगने 'नको' म्हटलं. चव घेणाऱ्या बाकीच्या बायकांनी तिच्याकडे बघून माना हलवल्या. वाण परत गेला आणि पुन्हा संकर करण्यात वर्षं गेली.

डॉक्टरबाई काही हसल्या नाहीत. "झाला, पण बियाणं वाढवायला पैसा कुठाय? ज्या देशांकडून यायचा, त्यांनी हात आखडता घेतलाय. त्यांना आता लढायांना पैसा लागतो. चव घ्यायचं कामही आजपासून बंद. मूठभर बी शीतगृहात ठेवू."

"किती दिवस?"

"कुणाला आठवण होईपर्यंत."

लुडिंगने बशी परत सरकवली. "मागच्या वेळी मी 'हो' म्हटलं असतं, तर?"

डॉक्टरबाईंनी बशा गोळा केल्या. "तेव्हा पैसा होता," त्या म्हणाल्या. खोटं बोलणं त्यांना कधी जमलंच नाही.

चवीसाठी आणलेले थोडे तांदूळ उरले होते. एरवी ते घरी न्यायची बंदी होती. लुडिंगने रुमालात बांधून घेतले, कुणी हटकलं नाही.

लुडिंग ते घेऊन बहिणीकडे गेली. फेलिसाने ते रात्री शिजवले आणि सकाळी थंडच वाढले.

"लोण्यासारखा आहे गं!" ती पहिल्याच घासाला म्हणाली. "याचं बी कधी यायचं आमच्याकडे?"

"यायचं नाही, ताई."

मग लुडिंगने सगळं सांगितलं. आपलं 'नको'सुद्धा लपवलं नाही. फेलिसा दारातून दिसणाऱ्या पांढरट पडलेल्या शेताकडे बघत ऐकत होती.

"कडक व्हायचा म्हणून नको म्हणालीस?"

"निवल्यावर व्हायचा."

"अगं, कडक तर कडक! पाण्यात भिजवून खाल्ला असता. इथे भाताचाच पत्ता नाही, त्यात मऊ काय नि कडक काय!"

आवाजात राग असता तर बरं झालं असतं. लुडिंगचे डोळे भरून आले. "मला वाटलं, तुझ्या ताटात चांगलाच पडावा."

"ते का मला कळत नाही, वेडे?" फेलिसाने तव्यावरची सुकी मासळी उचलली, बहिणीच्या ताटाकडे नेली आणि तिचा हात थबकला. "विसरलेच. तुला चालत नाही ना!"

"वाढ," लुडिंग म्हणाली. "आता चालते."

फेलिसाने दोन मासळ्या वाढल्या. तिसरी, जरा मोठी, स्वतःच्या ताटातली काढून दिली.

"जरा करपलीय वाटतं. बघ बरं, कशी झालीय?"

"छान झालीय," लुडिंग म्हणाली. घास अजून तिच्या हातातच होता.