खिळ्यावरची काठी

थोरलीला तिची काठी मिळायला तीन वर्षं लागली होती. धाकटीला ती तीन आठवड्यांत मिळाली, आणि थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

आता कोणी म्हणेल, हातभर लाकडाच्या तुकड्यावरून एवढं काय मनाला लावून घ्यायचं. असं म्हणणाऱ्याने बाबांच्या सुतारकारखान्यात एक दिवस काढून बघावा. करवतीच्या टेबलावर फळी चिरताना शेवटची वीत-दीड वीत बोटांनी ढकलायची नसते, काठीने ढकलायची असते. तिच्या पुढच्या टोकाला फळीवर बसणारी खाच असते, मागे मूठ. बाजारात प्लॅस्टिकच्या मिळतात, पण बाबा ज्याची त्याला स्वतः करून देत. कागदावर पंजा ठेवायला लावायचे, भोवती पेन्सिल फिरवायचे आणि त्या मापाने मूठ कोरायचे. ती हातात पडली की समजायचं, आता मशीनवर एकट्याने उभं राहायला हरकत नाही. तोंडाने शाबासकी देणं बाबांना उभ्या जन्मात जमलं नाही. जे काय कौतुक असायचं ते त्या मुठीत.

थोरली बेचाळीसची. बावीस वर्षं ती बाबांबरोबर लाकडात होती. तिच्या काठीचं टोक करवतीने इतकं चावलं होतं की ते दोनदा कापून आखूड केलेलं, आणि मूठ घामाने काळी पडलेली. धाकटी तिच्याहून सात वर्षांनी लहान. बारा वर्षं एका कचेरीत खुर्चीवर बसून होती. कचेरी बंद पडली तशी बाबांना म्हणाली, "मला शिकवाल का?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन हजर झाली.

ती वहीच आधी थोरलीच्या डोळ्यांत सलली. कारण वही होती म्हणून बाबा बोलायला लागले. बावीस वर्षांत थोरलीच्या वाट्याला बाबांचे जे शब्द आले होते ते 'बघ', 'थांब' आणि 'पुन्हा'. इथे मात्र ते टेबलावर खडूने चित्रं काढत होते.

"हे बघ," बाबा धाकटीला सांगत होते, "पातं पुढच्या बाजूने खाली येतं आणि मागच्या बाजूने वर निघतं. पुढचे दात लाकूड टेबलावर दाबून ठेवतात. मागचे उचलतात. काही फळ्यांच्या पोटात ओढ असते. चिरलं की त्यांची चीर मागे मिटायला बघते, पात्याला चिमटते. मग मागचे दात फळी उचलून सरळ तुझ्या अंगावर भिरकावतात. त्याला आपण लाथ म्हणतो."

"मग चीर मिटूच द्यायची नाही," धाकटी म्हणाली.

"त्यासाठी हा आहे, राखण्या." बाबांनी पात्याच्या मागे उभ्या असलेल्या पोलादी पानावर बोट ठेवलं. "हा चिरेत शिरतो आणि दोन्ही फाका लांब ठेवतो. आणि उभं कुठे राहायचं?"

"फळीच्या रेघेत नाही, बाजूला. लाथ बसलीच तर भिंतीला बसू दे, मला नको."

बाबा हसले. मशीनजवळ बाबांना हसताना थोरलीने जन्मात पहिल्यांदा बघितलं. तिने हातातला रंधा एवढ्या जोरात मारला की फळीचा कोपराच उडाला.

मागच्या अंगणात पॉलिशवाले काका बसायचे. भुसा उडून पॉलिशवर बसू नये म्हणून त्यांची जागा बाहेर. चहाही तिथेच व्हायचा. "नव्याचे नऊ दिवस असतात गं," ते थोरलीला म्हणाले.

"नऊ कधीच झाले काका. आज एकविसावा."

"म्हणजे तू मोजतेस," काका ब्रश झटकत म्हणाले. थोरलीने चहा अर्धाच ठेवला.

त्याच एकविसाव्या दिवशी बाबांनी धाकटीचा पंजा कागदावर ठेवून घेतला होता, आणि बाविसाव्या दिवशी सकाळी काठी तयार. धाकटी ती घेऊन थेट थोरलीकडेच आली. "ताई, बघ ना, कशी हातात बसते." तिच्या तोंडावर एवढा आनंद होता की कोणालाही बरं वाटलं असतं. थोरलीला वाटलं नाही. तिने काठी हातात घेतली. मूठ तिच्या पंजाला लहान होती, साहजिकच. "छान आहे," ती म्हणाली आणि परत दिली.

त्या दिवशी थोरलीकडे ड्रॉवरच्या फळ्यांना खाचा पाडायचं काम होतं. खाच पाडताना पातं फळीच्या पोटातच राहतं, आरपार जात नाही, आणि मग पात्यापेक्षा उंच असलेला राखण्या आडवा येतो. म्हणून तेवढ्यापुरता तो काढावा लागतो. आणि तो काढला की कारखान्यात एक रिवाज होता, बाबांनीच घातलेला. ज्याने राखण्या काढला त्याने आपली काठी भिंतीवरच्या खिळ्यावरून उतरवून मशीनच्या बटणावर टांगायची. दुसरा कोणी बटण दाबायला गेला की हात आधी काठीला लागणार आणि कळणार, राखण्या जागेवर नाही, हिने काढलाय, हिला विचारा. राखण्या परत बसवला की काठी परत खिळ्यावर. काठी मिळाल्यापासून थोरली हे एकदाही चुकली नव्हती. खाचा पाडताना लागायची ती फळी दाबणारी चपटी ठोकळी, त्यामुळे काठी बटणावर निवांत लटकलेली असायची.

त्या सकाळी तिने राखण्या काढला, आणि काठीसाठी खिळ्याकडे हात नेला. तिथून पलीकडचं बाक दिसत होतं. धाकटी काठी धरून रिकाम्या हवेत फळी ढकलून दाखवत होती आणि बाबा शेजारी उभे राहून मान डोलावत होते. हात पाठीमागे बांधलेले, डोळे मुलीवर. थोरलीने हात मागे घेतला. काठी खिळ्यावरच राहिली.

तिने खाचा पाडल्या. फळ्या उचलल्या. राखण्या मशीनखालच्या कप्प्यात पडून होता, तो तिने बसवला नाही. जाता जाता धाकटीला म्हणाली, "मशीन मोकळं आहे. त्या लांब फळ्या चिरून ठेव." आणि चहाला निघून गेली.

खरं सांगायचं तर बहिणीला काही व्हावं असं तिच्या मनात नव्हतं. तिला एवढंच हवं होतं की एखादी फळी दणकन उडावी, धाकटीचा चेहरा पांढराफटक पडावा आणि बाबांना कळावं की तीन आठवडे म्हणजे शेवटी तीन आठवडेच. सगळं वहीत लिहिलंय ना, मग बघू दे तिचं तिने. असं म्हणत तिने कप तोंडाला लावला. चहा गोड होता की फिका, तेही तिला कळलं नाही.

मोटार सुरू झाली. पहिली फळी सरळ चिरली गेली. दुसरीही गेली, आणि थोरलीला चक्क वाईट वाटलं. काका काहीतरी सांगत होते ते तिच्या कानावरून जात होतं. मग तिला ढिगातली तिसरी फळी आठवली. कालच तिने ती हातात घेऊन बघितली होती. एका बाजूला मोठी गाठ, सबंध फळीला पीळ. ही चिरताना जपायला हवं, असं मनाशी म्हणून तिने स्वतःच ती तिथे ठेवली होती. आत मोटारचा आवाज जड झाला.

लाकडातल्या माणसाला तो आवाज ओळखायला डोळे लागत नाहीत. पातं चिमटलं जात होतं. थोरलीच्या हातून कप पडला आणि ती धावली. हाक मारून उपयोग नव्हता. मशीनवरच्या माणसाला दचकवायचं नाही, हे तीच धाकटीला दहादा बजावून चुकली होती. मेन स्विच दारालगत होता. दार मशीन चालवणाऱ्याच्या पाठीमागे, म्हणजे बरोबर फळीच्या रेघेत. तिथे कोणी उभं राहायचं नाही हेही तिला ठाऊक होतं. तिने दारात पाय टाकला, हात स्विचवर मारला, आणि तेवढ्यात मांडीवर असा तडाखा बसला की ती उंबऱ्यातच खाली बसली.

पातं फिरत फिरत थांबलं. फळी अंगणात जाऊन पडली होती. धाकटी बाजूला उभी होती, शिकवल्याप्रमाणे, रेघेच्या बाहेर. दोन्ही हातांची दहाही बोटं जागच्या जागी. काठीचं टोक मात्र पात्याने पार खाऊन टाकलं होतं. जिथे टोक होतं तिथे काठी नसती, तर बोटं असती.

"माझं चुकलं," धाकटी रडत म्हणत होती. "बाबा, ताईला माझ्यामुळे लागलं."

डॉक्टरांनी हाड शाबूत असल्याचं सांगितलं. मांडी मात्र वीतभर काळीनिळी झाली होती. दुपारी तिघं परत कारखान्यात आली. घरी जाऊन झोप म्हणून सगळे सांगत होते, पण थोरलीने ऐकलं नाही. ती फळ्यांच्या ढिगावर बसली. धाकटी बर्फ आणायला गेली. बाबा मशीनपाशी उभे राहिले, आधी बटणाकडे बघितलं, मग खिळ्याकडे.

"तुझी काठी खिळ्यावर आहे," ते म्हणाले.

"हो."

"विसरलीस?"

बाबांनीच तिला वाट काढून दिली होती. हो म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच मिटली असती. बावीस वर्षांत एकदा कोणीही विसरेल. थोरलीने भुशाकडे बघितलं.

"नाही," ती म्हणाली. "विसरले नाही."

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मला तीन वर्षं लागली, बाबा," शेवटी तिच्याच तोंडून निघालं. "तिला तीन आठवडे. मी काय कमी केलं होतं?"

बाबांनी पाठीमागे बांधलेले हात सोडले आणि तिच्यासमोर धरले. दोन्ही पंजे थरथरत होते. थोडेथोडके नव्हे, चांगलेच हलत होते. थोरलीला एकदम ध्यानात आलं की गेले कित्येक महिने तिने बाबांना मशीन चालवताना बघितलंच नव्हतं. ते नेहमी हात पाठीमागे बांधून उभे असायचे, आणि तिला तो मोठेपणाचा थाट वाटला होता.

"तीन वर्षं तुझ्या प्रत्येक फळीवर तुझ्या हातावर माझा हात होता," बाबा म्हणाले. "तुला काठी कशाला देऊ? मी होतो ना. तिच्या हातावर हे हात ठेवून चालतील का? म्हणून तिला बोलून शिकवतो. म्हणून तिला काठी लवकर दिली. ती मूठ कोरायलाही मला सबंध रात्र लागली."

थोरलीला तो हात आठवला. खरखरीत, जड, लाकडाच्या वासाचा. त्या वेळी तिला त्याचा रागच यायचा. कधी एकदा हा हात निघतो आणि आपल्याला काठी मिळते, असं झालं होतं. ती रडली, आणि रडताना मांडी दुखत होती म्हणून आणखी रडली.

बाबा बाहेर काकांकडे गेले तशी धाकटी फडक्यात बर्फ गुंडाळून आली आणि तिच्या मांडीवर धरून बसली. आता सांगायचं नाही तर कधीच सांगणं होणार नाही, हे थोरलीला कळत होतं.

"राखण्या मी काढला होता," ती म्हणाली. "काठी मुद्दाम टांगली नाही. तुझी फजिती व्हावी म्हणून. मला तुझा हेवा वाटत होता."

धाकटीचा हात क्षणभर थांबला. मग तिने फडकं थोडं सरकवून पुन्हा दाबलं.

"राखण्या नाही, ते मी बघितलं होतं, ताई."

"बघितलंस? मग बटण कशाला दाबलंस?"

"काठी नव्हती ना बटणावर. आणि तू म्हणालीस, मशीन मोकळं आहे." धाकटी अगदी साध्या आवाजात सांगत होती. "म्हटलं, ताईने काढून ठेवलाय म्हणजे या फळ्यांना तो लागत नसणार. का लागत नाही ते संध्याकाळी तुला विचारणार होते. वहीत जागाही सोडलीय त्याला."

बर्फाचं पाणी फडक्यातून झिरपून भुशात पडत होतं. पलीकडे खिळ्यावर तिची काळी पडलेली काठी लटकत होती.

"वही आण," थोरली म्हणाली.

धाकटीने वही आणली, सोडलेली जागा काढली.

"लिही. राखण्या जागेवर नसेल तर बटण दाबायचं नाही."

धाकटीने लिहिलं.

"ताईने सांगितलं तरी नाही."

धाकटीची पेन्सिल कागदावर टेकली आणि तिथेच थांबली. तिने वर बघितलं.

"लिही," थोरली म्हणाली.