दोघींच्या तोंडची बातमी

काकांच्या डोक्यावर आमच्या घरातली सगळ्यात जुनी, सगळ्यात बारीक विणीची चटई होती आणि तिच्याखाली त्यांच्या शेजारी मी. मागे घरातली चौदा माणसं माना खाली घालून बसलेली. उजाडताना आलो होतो. आता ऊन चढलं होतं, आणि फालानिकोच्या घरातून कुणीही बाहेर आलं नव्हतं.

आमच्या बेटावर मोठा अपराध झाला की कुळाच्या मुखियानं असं दुसऱ्याच्या अंगणात येऊन बसायचं असतं. घरच्यांनी चटई उचलली तर माफी. नाही उचलली तर बसून राहायचं. आमचे मुखिया काका; त्यांचं वय चौऱ्याहत्तर, छातीचं दुखणं जुनं, आणि सकाळची गोळी घरीच राहिलेली. त्यांनी माझा ब्लॉग आयुष्यात कधी वाचलेला नाही. अपराध माझा आणि मान त्यांची.

सात वर्षं मी तो ब्लॉग चालवते. शाळेत शिकवते आणि उरलेल्या वेळात लिहिते. कुणाचं लग्न, कुठला रस्ता खचला, कुठल्या गावची होडी शर्यत जिंकली. ऑकलंडला गेलेली आमची माणसं सकाळी चहाच्या आधी तो वाचतात, याचा मला केवढा ताठा! पहिल्याच पानावर मी माझे नियम लावले होते. ऐकीव छापणार नाही. दोन वेगवेगळ्या माणसांनी सांगितल्याशिवाय कुणाचं नाव घेणार नाही. चूक झाली तर पुसणार नाही, तिथेच खाली दुरुस्ती लिहीन. लोक म्हणायचे, तेलेसियाचं काम चोख असतं. मलाही ते पटलं होतं.

मग फालानिकोची बस उतारावरून घसरून चर्चच्या भिंतीवर आदळली. अकरा जण जखमी झाले, एका शाळकरी मुलीचा पाय गेला. दुसऱ्या दिवशी लोसा म्हणाली, तो प्यायला होता. संध्याकाळी फेतु म्हणाली, प्यायला होता. दोघी दोन गावच्या, एकमेकींचं तोंड पाहत नाहीत. दोन माणसं झाली, नियम पाळला गेला. मी नावानिशी लिहिलं.

तीन दिवसांत त्याच्या घरावर दगड आले. गावच्या बैठकीनं त्याला वाळीत टाकलं. तिकडे ऑकलंडला त्याच्या मुलीशेजारी चर्चमध्ये कुणी बसेना. आणि मग तपासाचा कागद आला: रक्तात दारूचा थेंब नाही, ब्रेकची नळी फुटलेली. मी नियमाप्रमाणे मजकुराखाली दुरुस्ती टाकली, तारखेसकट. काय पण शहाणपण! मूळ बातमी शेकडो लोकांनी पुढे पाठवली होती, दुरुस्ती चौघांनी. फालानिकोनं बोलणंच सोडलं. आज अकरा दिवस झाले. परवा तो गळ्यापर्यंत पाण्यात उभा दिसला, खडकापलीकडे, जिथून पुढे तळ लागत नाही. मासेवाल्यांनी ओढून आणला. ते कळलं तेव्हा मी काकांपुढे जाऊन रडले. तो माणूस माझ्यामुळे मरणार, एवढं एकच डोक्यात होतं.

"पोरी," चटईखाली काका हळूच म्हणाले, "त्या लिहिण्याचे तुला काही पैसे मिळतात का?"

"नाही, काका."

"म्हणजे फुकटात एवढं करून दाखवलंस!" ते हसले, पण हसता हसता त्यांना धाप लागली. ओठ निळसर दिसत होते.

"काका, आपण उठू या. मी एकटी बसते."

"गप बस. तू एकटी कोण? मी उठलो तर ह्या घराला काय सांगायचं, की आमच्या पोरीनं तुमचा माणूस संपवला आणि आम्हाला ऊन लागलं?"

बाहेर कुत्रं फिरत होतं, कुणीतरी खोकत होतं. मला ओरडावंसं वाटत होतं की बाहेर या, मला मारा, पण या म्हाताऱ्याला उठवा.

मग पावलं आली. चटईच्या कडेखालून बाईचे पाय दिसले. फालानिकोची बायको, सोसे. ती आमच्यासमोर उकिडवी बसली. चटईला तिनं हात लावला नाही.

"तेलेसिया," ती म्हणाली, "तू लिहिलं होतंस, दोघांनी सांगितलं. कोण दोघं?"

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी कोपरानं ढोसलं. "सांग. आता कसली लपवाछपवी?"

"लोसा. आणि फेतु."

मला वाटलं, सोसे उठून जाणार आणि सगळं संपणार.

"दोघी दवाखान्यात माझ्या बाजूला होत्या," ती म्हणाली. "लोसा माझी मावसबहीण. फेतु स्वतःच्या भाच्याला बघायला आलेली. ह्याला आत आणलं, सगळा रक्तानं माखलेला. चार वर्षं झाली ह्यानं दारू सोडून. चार वर्षं! आणि माझ्या तोंडून काय निघालं? 'तू प्यायलास का रे?' मोठ्यानं, सगळ्यांसमोर." तिचा आवाज फाटला. "मी नुसतं विचारलं होतं गं. नुसतं विचारलं."

माझी दोन माणसं! एकाच बाईचा एकच प्रश्न दोन कानांनी ऐकला, दोन तोंडांनी त्याचं उत्तर करून माझ्याकडे आणला, आणि मी बोटं मोजून तो छापला. त्या दोघींना मी एवढंही विचारलं नव्हतं, की बायांनो, तुम्हाला कुणी सांगितलं?

"सोसे, चटई उचल," मी म्हणाले. रीत सोडून बोलले, पण राहवलं नाही. "मला नको माफी. काकांना श्वास घेता येत नाहीये."

"मी कशी उचलू?" ती म्हणाली. "कुठल्या तोंडानं?"

आणि तिनं कड वर केली, वाकली, आणि आत येऊन माझ्याशेजारी बसली. तिच्याच अंगणात, तिच्याच घराकडे तोंड करून. मागे आमच्या बायका रडायला लागल्या. आता त्या घरात चटई उचलणारा एकच माणूस उरला होता, आणि तो अकरा दिवस कुणाशी बोलला नव्हता.

काकांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी त्यांना हलवलं. "काका! अहो काका!" सोसेनं दुसऱ्या बाजूनं त्यांना धरलं आणि घराकडे तोंड करून किंचाळली, "फालानिको! अरे, म्हातारा जाईल रे!"

मग दाराची फळी करकरली. वाळूवर अनवाणी पावलं हळूहळू जवळ आली आणि थांबली.

काकांच्या डोक्यावरून चटई वर गेली. इतका उजेड आला की मला काही दिसेना.

"उठा, काका," खरखरीत, न वापरलेला आवाज आला. "सावलीत चला. पाणी देतो."

त्यानं काकांच्या काखेत एक हात घालून त्यांना उभं केलं. काकांनी डोळे उघडले आणि त्याचा दंड घट्ट धरला. मी वर पाहिलं. फालानिकोचे गाल आत गेले होते. तो माझ्याकडे बघत नव्हता. तो सोसेकडे बघत होता.

"मी नुसतं विचारलं होतं," सोसे म्हणाली.

त्यानं एका हातानं काकांना सावरून धरलं, आणि दुसऱ्या हातातली चटईची कड सोडून दिली. चटई पुन्हा आम्हा दोघींच्या डोक्यांवर पडली.