वैभवचा अभ्यास

रामाकोन्याच्या वैभवला सट्टेबाजांचा भारी तिटकारा. सौसरच्या बाजारात मनोहरच्या पानठेल्यामागे आकडा लावायला उभी असलेली माणसं दिसली, की तो मोटरसायकल हळू करून त्यांची कीव करी. स्वतः तो मोबाइलवर शेअरचं ट्रेडिंग करत होता आणि त्याला अभ्यास म्हणत होता. हा अभ्यास सकाळी सव्वानऊला सुरू होई, दुपारी साडेतीनला संपे. दीड वर्षात त्यापायी दिपालीची सोन्याची पोत गेली, तिच्या नावची एफडी गेली, गेल्या बहाराचे पैसेही गेले. तरी हा पठ्ठ्या दर आठवड्याला म्हणे, आता गणित जमलं.

उरला होता संत्र्याचा बगीचा. आंबिया बहार यावा म्हणून डिसेंबरात पाणी तोडून झाडांना ताण दिला होता. पानं मलूल होऊन गळू लागली की पाणी सोडायचं. दिवस चुकले तर फूल दूरच, फांद्या वाळतात. हे वैभवला पोरपणापासून ठाऊक. पण शेतात विजेची लाइन यायची ती नेमकी शेअर बाजाराच्या वेळात. दिपाली सौसरच्या शाळेत शिकवायची, ती परत येईस्तोवर लाइन गेलेली असे. आठवडाभर ती रोज सांगत होती आणि त्याचं रोज एकच उत्तर होतं, गेलेले पैसे आज काढून घेतो, उद्या पाणी सोडतो.

मग शनिवार, रविवार आणि सोमवारी सव्वीस जानेवारी, असा तीन दिवस बाजार बंद आला. शनिवारी हे महाशय जुने चार्ट पाहत बसले. रविवारी लाइनच नव्हती, तर दिवसभर घरात येरझारा घातल्या आणि विनाकारण लेकीवर खेकसले. सोमवारी झेंडावंदनाला निघताना दिपालीने मोटरघराची किल्ली त्याच्या हातात ठेवली. नऊला लाइन आली. दहाला वैभव मनोहरच्या ठेल्यामागे उभा होता.

गेल्या दहा दिवसांत कोणता आकडा किती वेळा आला आणि म्हणून आज सत्तावीसच कसा यायला पाहिजे, हे त्याने मनोहरला समजावून सांगितलं. मनोहरने पानाला चुना लावत सगळं ऐकून घेतलं. असे अभ्यासू त्याने पुष्कळ पाहिले होते.

“सहज खेळणारा एखाद्या टाइमाले येते अन् चालला जाते, भाऊ,” तो म्हणाला. “गणित मांडणारे रोज येतेत. किती लावू?”

तेवढ्यात दिपालीचा फोन आला. “मोटर चालू केली काय? झाडं वाळून राहिली.”

“पाणीच सोडून राहिलो,” वैभव म्हणाला.

शेजारी उभे असलेले नत्थूजी ओळखीचं हसले. आत्ताच त्यांनीही बायकोला फोनवर सांगितलं होतं, की दवाखान्यात बसून आहे. ते जरा सरकले आणि त्यांनी वैभवला जागा करून दिली.

वैभवला लाज वाटली, कानशिलं तापेपर्यंत वाटली. या माणसांत आणि आपल्यात काही फरक नाही, हे त्याला लख्ख कळलं. मग त्याने खिशात हात घातला, किल्ली बाजूला सारली आणि पाचशेची नोट काढली.