फौजदारासाठी शिळं पाणी

मासा मेला.

वरचं वाक्य चुकून वाचलं असेल तर विसरून जा. तसं काही झालेलं नाही. मासा ठणठणीत आहे, मीही ठणठणीत आहे, आणि माझं अक्षर वाकडं आलंय ते टेबलाचा पाय हलतो म्हणून. आपण पहिल्यापासून सुरू करू.

माझं नाव सुरज, गावात बंटी. गाव शिरड शहापूरच्या अलीकडं. नाव सांगत नाही, कारण गावाची काही चूक नाही. मी ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक आहे. म्हणजे नळाला पाणी सोडणं, टाकीत टीसीएलची, म्हणजे जंतू मारायची, पावडर टाकणं आणि शिव्या खाणं. पहिली दोन कामं तीन दिवसांतून एकदा असतात.

मासा माझ्या बायकोचा, पल्लवीचा. बेटा जातीचा, निळा, अंगठ्याएवढा आणि त्याच्या मागं निऱ्या सुटलेल्या लुगड्यासारखं शेपूट. बारा लिटरच्या काचेच्या टाकीत एकटाच राहतो. दुसरा मासा दिसला की मारायला धावतो. आरशात स्वतः दिसला तरी धावतो. म्हणून त्याचं नाव फौजदार.

पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून पल्लवी सातव्या महिन्यात पुसेगावला निघाली. जीप दारात उभी होती. ती टाकीपाशी थांबली.

"अवो, दोन महिने हा जगला पाहिजे."

"जगंल की. पाण्यातलाच माणूस हाय मी."

"तुमच्या हातून मनी प्लांट मेला."

हे खरं होतं. मनी प्लांट दारूच्या बाटलीत जगतो, पोलीस ठाण्याच्या खिडकीत जगतो. माझ्याकडं तो अकरा दिवसांत गेला.

"ज्याच्या हातून इतकुसा मासा जगत न्हाई," पल्लवी म्हणाली, "त्याच्या घरी मी लेकरू कसं आणू?"

ती हसत म्हणाली. म्हणजे तोंड हसत होतं. हात पोटावर होता आणि डोळे माझ्यावर.

तेव्हापासून मी भिऊन राहिलो. माशाला नाही. मासा ही नुसती चाचणी परीक्षा होती. वार्षिक परीक्षा पुसेगावला उसाचा रस पिऊन वाढत होती.

मी हिंगोलीच्या गुलाबचंदला फोन लावला. त्याच्या दुकानात एका बाजूला मोबाईलची कव्हरं लटकतात, दुसऱ्या बाजूला मासे पोहतात, आणि दोन्ही तो सारख्याच प्रेमानं विकतो.

"देखो भाई," तो म्हणाला, "पूरा पानी कभी मत बदलना. हफ्ते में पाव हिस्सा, बस. और ताजा पानी बिल्कुल नहीं. नल का पानी बाल्टी में दो दिन खुला रखो, दवाई उड़ जाने दो, फिर डालो. वो कंकर और स्पंज रगड़ के मत धोना. उसमें अच्छे कीड़े रहते हैं, मछली की गंदगी वही खाते हैं."

"और धो दिया तो?"

"तो दूसरी मछली ले जाना. हरी वाली बी आई है."

म्हणजे सकाळी मी गावाच्या पाण्यात औषध टाकायचं आणि घरी येऊन तेच औषध उडून जायची वाट बघायची. सरकारी नोकरीत असं कधीकधी होतं. खरी अडचण वेगळी होती. तिचं नाव मालनबाई, माझी माय.

मायचा आयुष्यभराचा एक नियम आहे: घरात शिळं पाणी नको. नळ आला की घागर, माठ, बादल्या, सगळं आधी अंगणात उपडं. मग राखेनं घासायचं आणि ताजं भरायचं. कालचं पाणी चांगलं असलं तरी ओतायचं. पाहुण्याला शिळं पाणी देणारी बाई मायच्या मते उद्या काहीही करू शकते. हा नियम एकट्या मायचा असता तर मी सांभाळून घेतलं असतं. आख्ख्या गावाचाच हा नियम आहे.

"हे बादलीत काय ठिवलं?" तिनं पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"फौजदाराचं पाणी."

"कवाचं?"

"परवाचं."

"मुडद्या, मुक्या जिवाला परवाचं पाणी? तुला पाजलं व्हतं का मी कदी?"

तीनदा तिनं ती बादली ओतली. शेवटी मी खडूनं बादलीवर 'पिण्यास अयोग्य' लिहिलं. मायला सरकारी अक्षरांचा धाक आहे. मग सात आठवडे बादली टिकली, फौजदार टिकला, आणि रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर पल्लवी मला नाही, त्याला विचारायची, "जेवला का रं?" तो काचेवर येऊन शेपूट पसरायचा. मी पास होत चाललो होतो. मला हीच गोष्ट खटकायला हवी होती.

तारखेला आठ दिवस उरले होते. सकाळी आरोग्यसेवक भुजंगचा फोन आला. शेजारच्या गावात जुलाबाचे दोन पेशंट निघाले होते.

"बंटी, आज टीसीएल बराबर टाक रे बाबा. वरून साहेब फिरून राहिले."

आमच्या ऑफिसातलं टीसीएलचं जुनं पोतं दोन वर्षांपासून उघडं होतं. त्यातली ताकद हवेनं खाल्ली होती. नियमानं एक डबा टाकायचा तिथं मी दोन टाकायचो, तेव्हा कुठं तपासणीच्या नळीत पाणी जरासं पिवळं व्हायचं. पिवळं म्हणजे पास, जंतू मेले. त्या दिवशी मी नवीन सीलबंद पोतं फोडलं. डोळ्यांतून पाणी आलं, इतकं ते ताजं होतं. आणि हाताच्या सवयीनं दोन डबे टाकले.

नळीतलं पाणी पिवळं झालं नाही. केशरी झालं.

मला भीती वाटली पाहिजे होती, वाटला अभिमान. पहिल्यांदाच माझ्या हातून सरकारनं सांगितल्यापेक्षा जास्त काम झालं होतं. गावाला नळ सोडला आणि भुजंगला फोटो पाठवला. त्यानं आधी अंगठा पाठवला आणि मग लिहिलं, "एवढं न्हाई बे. माणसं मरत न्हाईत, पण वास मारंल. अजून पाणी चढव टाकीत."

माणसं मरत न्हाईत. हे मी दोनदा वाचलं. मग टाकीच्या शिडीवरून उतरलो. किती पायऱ्या गाळल्या आठवत नाही.

घर झाडूनपुसून लख्ख होतं. माय दारातच उभी होती, पदर खोचलेला, चेहऱ्यावर समाधान.

"सून यायची, लेकरू यायचं. म्हणलं आज सगळंच धुऊन काढावं."

"माय, मासा?"

"त्याचं बी धुतलं. कसलं शेवाळ व्हतं रं त्या खड्याला! राखेनं घासलं. त्यो स्पंज तर कुबट मारत व्हता, उन्हात टाकला. आन् आता नळ आला तसं ताजं पाणी भरलं. बघ कसं चमकून राहिलं."

खरंच चमकत होतं. एवढं स्वच्छ पाणी मी माझ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. त्यात फौजदार वेड्यासारखा काचेवर आपटत होता. वर यायचा, हवा गिळायचा, गरकन फिरून खाली जायचा. कल्ल्याच्या कडा लाल झाल्या होत्या. टाकीला स्विमिंग पूलचा वास होता. मी स्विमिंग पूल पाहिलेला नाही, पण तो असाच मारत असणार.

"नाचून राहिला बघ," माय कौतुकानं म्हणाली. "ताजं पाणी भेटलं की समद्यालाच बरं वाटतं."

"माय, बादली कुठंय? पिण्यास अयोग्य?"

"घासली. अक्षरं बी निघाली."

मी तांब्या घेतला आणि पळालो. हातपंपावर गेलो नाही, कारण त्याचा दांडा दोन वर्षांपासून ग्रामपंचायतीच्या कपाटात सुरक्षित आहे. वीज नव्हती, म्हणून बोअर बंद. गावात त्या क्षणी जे पाणी होतं ते सगळं मी सोडलेलं होतं. मला हवं होतं कालचं. एक तांब्या कालचं पाणी.

चंदाबाई अंगणात घागर घासत होत्या.

"काकू, शिळं पाणी हाय का?"

त्यांचा हात थांबला. "काय म्हणला?"

"कालचं. परवाचं असलं तर आजूक बरं."

"आमच्या घरी?" त्या उठून उभ्या राहिल्या. "आमच्या घरी शिळं पाणी हाय असं कोण म्हणलं तुला? नाव सांग तिचं."

पुढच्या घरी रूपाबाईंनी मला आत नेऊन सगळे माठ दाखवले, वास घ्यायला लावला, आणि साक्षीला सासऱ्याला उठवलं. तिसऱ्या घरात म्हणाले, ग्रामपंचायतीला आमची बदनामीच करायची असंल तर तसं लेखी द्या. माझ्या आजोबाला या गल्लीत ताजं पाणी मिळत नव्हतं. मला शिळं मिळेना. प्रगती आहे, पण त्या क्षणी तिचा उपयोग नव्हता.

गल्लीच्या टोकाला कोंडीबा मामा राहतात. मेंढरं राखतात, एकटेच असतात. मी जय भीम म्हणालो, ते राम राम म्हणाले. एवढ्यात आमचा शिष्टाचार उरकतो.

"मामा, खरं सांगा. शिळं पाणी हाय का?"

कोंडीबांनी आधी गल्लीत दोन्ही बाजूंना पाहिलं. मग दार लोटून घेतलं.

"आठ दिसाचं हाय. माठात," ते हळूच म्हणाले. "म्हातारी गेल्यापसून कोन घासतंय? पन कोनाला सांगू नको बाबा. नातीची सोयरीक चालू हाय."

मी त्यांच्या पायाच पडलो. ते घाबरले.

घरी येऊन फौजदाराला तांब्यात घेतलं. तोवर त्याचं आपटणं थांबलं होतं. पण माठाचं पाणी गार, आणि गार पाण्यानं बेटा दगावतो हे गुलाबचंदनं सांगितलं होतं. मग मी तांब्या शर्टात घातला, पोटाशी धरला, वरून बटणं लावली, आणि ऊब मिळावी म्हणून अंगणात उन्हाच्या पट्ट्यात हळूहळू चालत राहिलो. शेजारच्या बेबीबाई कपडे वाळत घालायच्या थांबल्या.

"काय रं बंटी, कितवा म्हैना?"

"भरत आलाय, काकू," मी म्हणालो. मला हसता आलं नाही.

माय उंबऱ्यात बसली होती. तिला आता कळलं होतं. ती राखेनं काळे झालेले हात पदराला पुसत होती, पुन्हा पुन्हा.

तेवढ्यात फोन वाजला. सासूबाई, नर्मदाबाई.

"जावाई, पल्लवीला कळा सुरू झाल्या. हिंगोलीला घेऊन निघालोत. ती बोलतो म्हणून राहिली."

फोनवर जीपचा आवाज, मग तिचा श्वास.

"अवो. फौजदार कसा हाय?"

"मस्त."

"दाखवा."

"रेंज न्हाई."

"मंग बोलून कसे राहिले?"

मी बटणं सोडली. तांब्यात पाहिलं. तो एका कुशीवर होता, पाठीचा निळा रंग राखेसारखा पडलेला. एक कल्ला उघडत होता. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा.

"निजलाय," मी म्हणालो.

ती म्हणाली, "मला भ्याव वाटून राहिलं."

"मला बी," मी म्हणालो, आणि गेल्या दोन महिन्यांत मी तिला सांगितलेली ही पहिली खरी गोष्ट होती.

फोन कटला. मी तांब्यात पुन्हा पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. कल्ला हलतोय असं मी ठरवलं. मायनं विचारलं, "हाय का?" मी म्हणालो, "हाय." पिशवीत दोन कपडे टाकले, तांब्या मायच्या हातात दिला, उन्हात बस म्हणालो. हिंगोलीची गाडी यायला अर्धा तास होता. आमच्याकडं हातात काही उरलं नाही की माणूस अर्ज करतो. मी ऑफिसात आलो, कोरा कागद घेतला.

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी साहेब,
प्रसूती विभाग, हिंगोली.

विषय : बाळंतपण आठ दिवस पुढे ढकलणेबाबत.

महोदय,

वरील विषयी सविनय अर्ज करतो की, सौ. पल्लवी यांची तारीख आपल्याच कागदावर पुढच्या बुधवारची असताना त्यांना आजच कळा सुरू झाल्या आहेत. अर्जदार हा जलसुरक्षक असून त्याच्या ताब्यातील पाणी आज रोजी जिवंत प्राण्यास ठेवण्यायोग्य नाही. पाणी शिळे करणे, मासा पोहता करणे व अर्जदाराने स्वतः बाप होणे ही कामे अपूर्ण असून ती मुदतीत पूर्ण करण्याची अर्जदार हमी देत आहे. तरी मा. साहेबांनी सदर बालकास, ते सध्या आहे तिथेच, स्वच्छ व सुरक्षित पाण्यात, किमान आठ दिवसांची मुदतवाढ मंजूर करावी, ही नम्र विनंती.