आधी थांबला तो आधी निघतो

सुनेत्राला कॅनडातल्या ग्वेल्फमध्ये नोकरी मिळाली होती, पण अजून पदरात पडली नव्हती. गोठ्यागोठ्यांवर जाऊन दुधाचे नमुने आणायचं काम. तिकडे बस जात नाही. महिनाअखेरपर्यंत लायसन्स दाखवा, नाहीतर आम्हाला दुसरं कोणी बघावं लागेल, असं ऑफिसने गोड शब्दांत कळवलं होतं. इथे सगळं गोड शब्दांतच कळवतात; माणूस थँक यू म्हणतो आणि घरी येऊन रडतो.

पहिल्या टेस्टमध्ये ती नापास झाली. चारही बाजूंना स्टॉपच्या पाट्या असलेल्या चौकात, स्वतःची पाळी असताना, ती सगळ्यांना ‘तुम्ही जा, तुम्ही जा’ असं खुणावत बसली. घरी सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसणारी बाई, रस्त्यावर आधी कशी निघणार?

शिकवणी अर्थातच नवऱ्याची होती. हेमचंद्रने पुण्यात वीस वर्षं गाडी चालवली होती, आणि ती मुख्यतः हाताने. खिडकीतून पंजा बाहेर काढला की दुसऱ्याने थांबायचं, हा त्याचा एकमेव नियम. बायकोला शिकवताना मात्र तो म्हणायचा, “थांब, त्याला जाऊ दे. उगाच रिस्क कशाला?”

दुसऱ्या खेपेला तिने टेरेन्सचा क्लास लावला. टेरेन्स मूळचा वसईचा, तोंडाने फटकळ.

“सुनेत्राताई, सिंपल आहे. जो आधी फुल स्टॉप करतो, तो आधी निघतो. मग बाजूला ट्रक असो नाहीतर तुमचे सासरे. तुम्ही मान देत बसलात की सगळेच कन्फ्यूज होतात.”

टेस्टच्या दिवशी ती टेरेन्सच्या गाडीतून निघाली. शेजारी परीक्षक बाई. सोबत आलेला हेमचंद्र तेवढ्यात स्वतःची गाडी घेऊन कॉफी आणायला गेला होता. परत येताना तो नेमका त्याच चार पाट्यांच्या चौकात आडव्या रस्त्याने आला. सुनेत्रा आधीच पूर्ण थांबली होती. त्याने बायकोला ओळखलं, गाडी थांबवली आणि सवयीप्रमाणे पंजा बाहेर काढला. थांब, मी जातो.

तिचा पाय ब्रेकवरून उठेना. भीती वाटली, आणि मग राग आला. त्याचा थोडा, स्वतःचा जास्त. परीक्षक बाईंनी कागदावर पेन टेकवलं. सुनेत्राने त्याची चाकं खरंच थांबलीत ना ते पाहिलं, आणि गाडी पुढे काढली. मागे पंजा तसाच हवेत राहिला.

ती पास झाली. टेरेन्सने पार्किंगमध्येच टाळ्या वाजवल्या. हेमचंद्र दोन गार कॉफ्या घेऊन उभा होता.

“अगं, मी हात दाखवला होता. दिसला नाही का?”

“दिसला की,” सुनेत्रा म्हणाली, आणि त्याच्या गाडीची किल्ली घ्यायला तिने आपला हात पुढे केला.